तिसऱ्या कडव्यातलं व्हायोलिन

*ताई,*

*मी ३१ वर्षांची आहे. गाणी लिहिते, चाली लावते, गाते. मुख्य वाद्य गिटार, पण मँडोलिन, व्हायोलिन, हार्मोनिका, अकॉर्डियन आणि थोडाफार पियानोही वाजवते. लोकगीतांच्या वळणाची, गोष्ट सांगणारी गाणी मला जमतात असं ऐकणारे म्हणतात. पोटापाण्यासाठी पूर्ण वेळ नोकरी आहे; संगीत रात्री आणि सुट्टीच्या दिवशी.*

*तीन वर्षांपासून घरीच एक अल्बम करतेय. ११ गाणी, सगळी वाद्यं मीच वाजवलीत. एकेका गाण्यात ३०-४० ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड करून एकावर एक चढवलेले थर, झालेत, एकात तर ४३. पण एकही गाणं अजून पूर्ण नाही. परवा एका गाण्याचं तिसरं कडवं अजून भरत नव्हतं म्हणून त्यात व्हायोलिन घातलं. मग ते एकटं वाटायला लागलं म्हणून अजून दोन घातली. एकट्याने खोपटात बसून अल्बम करणाऱ्यांच्या गोष्टी वाचते, तेव्हा वाटतं, मलाच का जमत नाही?*

*मंचावर वेगळीच पंचाईत. एकटीने एवढं सगळं कसं वाजवणार? वाजवलेला तुकडा परत परत ऐकवत राहणारं लूप पेडल घेतलं, तर सगळी गाणी एकसारखी वाटायला लागली. मागच्या कार्यक्रमानंतर एक जण म्हणाला, "रेकॉर्डिंग जास्त छान आहे हं." इतर गायक मात्र त्यांच्या गाण्यांत मँडोलिन, अकॉर्डियन वाजवायला मला आवर्जून बोलावतात, पैसेही देतात. स्वतःच्या गाण्यांतून अजून दमडी मिळालेली नाही. बाबा म्हणतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या."*

*एक छोटं लेबल, म्हणजे संगीत कंपनी, अल्बम काढायला तयार आहे. सगळं ते बघणार, मास्टर (मूळ रेकॉर्डिंग) कायमचं त्यांच्या नावावर, मिळकत अर्धी-अर्धी. नोकरी सोडून यात उडी घेऊ का? एकच वाद्य धरून बाकीची सोडू का? अजून एखादं वर्ष थांबू, की मुळातच उशीर झालाय?*

*— सगळं वाजवणारी*

\*

प्रिय सगळं वाजवणारी,

तुझ्या पत्रात 'नोकरी' हा शब्द दोनदा आलाय आणि 'अजून' पाचदा. मी मोजले. त्यामुळे नोकरीचं शेवटी बघू, आधी 'अजून'चं बघू.

मी १८ वर्षं दुसऱ्यांच्या मागे उभी राहून अकॉर्डियन आणि मँडोलिन वाजवलं आणि त्यातून सवड काढून स्वतःचे दोन अल्बम केले. पहिल्याला चार वर्षं लागली, दुसऱ्याला पाच आठवडे. पहिल्यात काय काय वाजवलं ते आता मलाही सगळं आठवत नाही. दुसऱ्यातली गाणी लोक आजही मागतात. तेव्हा हे सगळं खड्ड्यात पडून वर आलेल्या बाईचं बोलणं आहे असं समजून वाच.

बँडमध्ये चार माणसं असली की गाणं आपोआप पूर्ण होतं, आणि त्याचं श्रेय बहुतेक वेळा कंटाळ्याला असतं. ड्रमवाला म्हणतो, "मला घरी जायचंय, हाच टेक ठेवा." बासवाला म्हणतो, "इथे काही नको, रिकामं बरं वाटतंय." भांडणं होतात, तोंडं फुगतात, पण कुणीतरी 'पुरे' म्हणतं. तुझ्या खोलीत 'पुरे' म्हणणारं कुणी नाही. गिटारवाली तू, व्हायोलिनवाली तू, रेकॉर्ड करणारी तू आणि ऐकून नाराज होणारीही तूच. त्यात रात्री अकरा वाजता हाताशी सहा वाद्यं. हात शिवशिवणारच. अनेक वाद्यं येणाऱ्या माणसाचा हा धंद्यातला आजारच आहे. एक वाद्य येणाऱ्याला गाणं अडलं की शब्दांकडे परत जावं लागतं. आपल्याला जावं लागत नाही, आपण दुसरं वाद्य उचलतो.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू जाता जाता लिहून गेलीस. तिसरं कडवं भरत नव्हतं म्हणून व्हायोलिन घातलं. अगं, कडवं भरत नव्हतं ना? मग कडवं बघायचं. गोष्ट सांगणाऱ्या गाण्यात तिसरं कडवं ही सगळ्यात अवघड जागा. पहिल्यात माणूस भेटतो, दुसऱ्यात त्याचं काहीतरी बिनसतं, आणि तिसऱ्यात आपल्याकडे सांगायला नवीन काही नसतं, म्हणून आपण दुसऱ्या कडव्याचंच म्हणणं वेगळ्या यमकांत पुन्हा मांडतो. ऐकणाऱ्याला ते शब्दात सांगता येत नाही, पण त्याचं लक्ष तिथेच सुटतं. तुझंही सुटलं, म्हणून तर तुला 'कमी' वाटलं. कान बरोबर होता, औषध चुकलं. नवी घटना नसेल, बोलणारा बदलत नसेल, आधीच्या ओळींचा अर्थ फिरत नसेल, तर ते कडवं काढून टाक. दोन कडव्यांचं गाणं हा काही गुन्हा नाही.

तपासायची रीत अगदी सोपी आहे, फक्त करायला जिवावर येतं. ते ४३ ट्रॅकचं गाणं बंद कर. खुर्चीवर बस, फोन समोर ठेव, एक वाद्य घे आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा गा. मध्ये थांबायचं नाही. आणि वाद्य गिटार नको. जे तुला सगळ्यात कमी येतं ते घे, तुझ्या बाबतीत बहुधा पियानो. बोटांना करामती करता आल्या नाहीत की नुसती चाल आणि शब्द उरतात. दुसऱ्या दिवशी ऐक. जिथे तुला लाज वाटेल तिथे गाणं कच्चं आहे. वाजवण्याची लाज आणि लिहिण्याची लाज यांतला फरक तुला बरोबर कळेल. ११ गाण्यांपैकी चार-पाच या परीक्षेत उभी राहिली तरी खूप झालं.

यातून मोठमोठी माणसं गेली आहेत. ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये भाड्याच्या घरात चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर गाणी ध्वनिमुद्रित केली. ती फक्त बँडला ऐकवायची होती. मग स्टुडिओत बँडबरोबर तीच गाणी करून पाहिली, आणि शेवटी ती कॅसेटच 'नेब्रास्का' म्हणून त्याच वर्षी बाहेर आली. चार ट्रॅक! पाचवं काही सुचलं तर आधीचं काहीतरी पुसायचं किंवा दोन आवाज एकात मिसळून कायमचे बांधून टाकायचे. निक ड्रेकचा तिसरा आणि शेवटचा अल्बम त्याहून उघडा आहे. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये दोन रात्रींत झालेला, आवाज आणि गिटार, आणि शीर्षकगीतात तेवढा पियानोचा एक तुकडा. आधीच्या दोन अल्बमांत तंतुवाद्यांचा भरपूर साज असलेल्या माणसाने हे केलं, हे विशेष. पियानो त्यालाच येत होता, बाकी गाण्यांत घालता आला असता. नाही घातला.

आता तू म्हणशील, सुफ्यान स्टीवन्सचं काय? खरं आहे. त्याचा २००५ चा 'इलिनॉय' वाद्यांनी गच्च भरलेला आहे आणि त्यातली ढीगभर वाद्यं त्याने स्वतः वाजवली आहेत. पण ड्रम, ट्रंपेट, तंतुवाद्यांची चौकडी आणि कोरस यांना त्याने दुसरी माणसं घेतली. सगळं येणाऱ्या माणसालाही कुठे दुसऱ्याचा हात हवा हे कळावं लागतं. तुझ्या तीन व्हायोलिनांच्या जागी खरोखरचा एक व्हायोलिनवादक बोलावून बघ. तो एकच ओळ वाजवेल, कदाचित तुझ्यापेक्षा थोडी वेगळी, आणि 'झालं की' म्हणून उठेल. ते 'झालं की' तुला हवंय.

खोपटातल्या गोष्टीबद्दलही बोलायलाच हवं, कारण तिने बऱ्याच जणांचं नुकसान केलंय. जस्टिन व्हर्नन, म्हणजे बोन इव्हेर, २००६-०७ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या शिकारी खोपटात जाऊन राहिला आणि अल्बम घेऊन बाहेर आला. हे खरं. पण गोष्ट सांगणारे दोन गोष्टी गाळतात. त्याआधी तो कैक वर्षं बँडमध्ये वाजवत होता, बँड फुटला म्हणून तो तिथे गेला. आणि तो तिथे साधारण तीन महिने होता, तीन वर्षं नव्हे. हिवाळा संपतो हीच त्या खोपटाची खरी सोय. २००७ मध्ये त्याने स्वतःच ती गाणी बाहेर काढली, २००८ मध्ये लेबलकडून ती सगळीकडे गेली, आणि मंचावर जायची वेळ आली तेव्हा एकट्याने सगळं ओढत बसण्यापेक्षा त्याने साथीदार घेतले.

तुझ्या मंचाकडे येते. आधी हिशेब कर. सहा वाद्यं आणि ११ गाणी म्हणजे जवळजवळ दर गाण्याला बदल. एक ठेवायचं, दुसरं उचलायचं, केबल बदलायची, सूर तपासायचा. मँडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि दिव्यांच्या उष्णतेत जोडीतली एक तार जराशी हलली तरी ती जोडी आंबट वाजते. दर बदलाला एक मिनिट धरलं तरी पाऊण तासाच्या कार्यक्रमातली दहा मिनिटं लोक तुझी पाठ बघतात. त्या दहा मिनिटांत त्यांच्या हातात फोन येतो, आणि एकदा आलेला फोन गाणं सुरू झालं म्हणून खिशात जात नाही.

दोन वाद्यं घेऊन जा. गिटार आणि मँडोलिन. हार्मोनिका गळ्यातल्या स्टँडवर, तिला तिसरं वाद्य धरत नाही, कारण हात मोकळे राहतात. फक्त एक सांभाळ: साधी दहा भोकांची हार्मोनिका एकाच पट्टीची असते. आयत्या वेळी घसा बसलाय म्हणून गिटारचा कॅपो (पट्टी बदलायला तारांवर लावायचा चिमटा) एक घर खाली घेतलास, की हार्मोनिका बोंबललीच. गाण्यांचा क्रम पट्टी आणि वाद्य बघून लाव, म्हणजे मँडोलिनची तीन गाणी सलग होतील आणि बदल एकदाच. कुठलं गाणं कशानंतर भावेल वगैरे काव्यात्म विचार त्या चौकटीत राहून कर.

लूप पेडलबद्दल तुझा अनुभव तंतोतंत बरोबर आहे, आणि त्यात तुझा दोष नाही. लूप म्हणजे ठरावीक मात्रांचं एक चक्र. त्यावर थरावर थर चढवता येतात, पण चक्र तेच राहतं. ज्या गाण्याचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वरसमूह, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच फेऱ्यात फिरतात त्याला ते शोभतं. तुझी गाणी गोष्ट सांगणारी, म्हणजे मुखड्याचे कॉर्ड वेगळे आणि कडव्याचे वेगळे असणार. मग तू पेडलला सोयीचं व्हावं म्हणून कडवं मुखड्याच्याच कॉर्डवर ओढून घेतेस, आणि सगळी गाणी एकाच आकाराची होतात: हळू सुरुवात, भरत जाणं, शेवटी सगळं काढून घेणं. दोन गाण्यांनंतर लोकांना हा जिना पाठ होतो. केटी टन्स्टॉलने २००४ मध्ये ब्रिटिश टीव्हीवर आयत्या वेळी मिळालेल्या जागेत एकटीने पेडलवर गाणं उभं केलं आणि रातोरात तिचं नाव झालं. तो थर चढतानाचा तमाशा बघण्यासारखा होता यात शंका नाही. पण ते एक गाणं होतं. तूही एकच ठेव, कार्यक्रमाच्या मध्याच्या पुढे कुठेतरी.

आणि पहिला थर टाकताना खोलीतले आवाज ऐकून घे. मी एकदा माइकवरून अकॉर्डियनचा पहिला थर घेत होते आणि पुढच्या रांगेत एक गृहस्थ खोकले. पुढची चार मिनिटं, आईच्या आठवणीचं गाणं, आणि दर आठ मात्रांनी ते गृहस्थ खोकतायत. तिसऱ्या खोकल्याला लोक हसले, पाचव्याला मीही. ते गृहस्थ मात्र बिचारे शेवटपर्यंत मान खाली घालून बसले होते.

'रेकॉर्डिंग जास्त छान आहे' म्हणणाऱ्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्याने रेकॉर्डिंग ऐकलं होतं, हे आधी लक्षात घे. बाकी, मंचावर तू रेकॉर्डिंगची नक्कल करायला जात होतीस आणि ती अपुरी पडत होती. नक्कल सोडलीस की तुलना आपोआप संपते. तेच गाणं मंचावर मँडोलिन आणि आवाजात, निम्म्या लयीत, मधे दोन ओळी नुसत्या बोलून सांगितल्या, असं कर. रेकॉर्डिंग ऐकून आलेल्या माणसाला काहीतरी नवीन मिळेल, आणि न ऐकलेल्याला काही चुकल्यासारखं वाटणार नाही.

आता बाबांच्या चिंध्या. बाबांना सांग, चिंध्यांची गोधडी होते आणि तुझी व्हायला लागली आहे. इतर गायक तुला का बोलावतात याचा विचार केलायस? सहा वाद्यं येतात म्हणून नाही. प्रत्येक वाद्याचा तुझ्याहून मोठा वादक त्यांना मिळू शकतो. तुला बोलावतात कारण तू स्वतः गाणं लिहितेस. गायकाचे शब्द चालू असताना मँडोलिनने गप्प बसायचं आणि ओळ संपली की श्वासाच्या जागेत चार स्वर ठेवायचे, हे तुला कळतं. दुसऱ्याच्या गाण्यात तू थोडंच वाजवतेस ना? तिथे तुला हे सहज जमतं. स्वतःच्या गाण्यात तू त्या शहाण्या साथीदाराला आत येऊ देत नाहीस, एवढंच. एक खेळ करून बघ: तुझंच गाणं कुणा परक्या गायिकेचं आहे, तिने तुला दोन तासांसाठी मँडोलिनला बोलावलंय आणि त्यानंतर तुला दुसरीकडे जायचंय. काय वाजवशील? तेवढंच ठेव.

तेव्हा वाद्य एकही सोडू नकोस, पण त्यांची कामं वाटून दे. गाणी ज्याच्यावर सुचतात ते एक. मंचावर नेतेस ती दोन. ज्यांच्यासाठी बोलावणं येतं ती मँडोलिन आणि अकॉर्डियन, त्यांचा रियाज रोज, कारण ती कमाई आहे. व्हायोलिनला वेगळा वेळ द्यायची फार गरज नाही. त्याच्या तारा मँडोलिनच्याच स्वरांना लागतात, डावा हात बराचसा तयार राहतो. फक्त गजाचा हात गंजतो, त्याला दिवसाआड दहा मिनिटं. पियानो गाणं तपासायला. आणि मनगट दुखायला लागलं तर 'होईल बरं' म्हणून वाजवत राहू नकोस. अनेक वाद्यं वाजवणाऱ्याला वाटतं की वाद्य बदललं म्हणजे हाताला विश्रांती मिळाली. मनगट तेच असतं. मी हे सात महिने न वाजवता शिकले.

साथीच्या कामात एक शिस्त मात्र आजपासून. जायच्या आधी दोन ओळींचा मेसेज: किती गाणी, किती बिदागी, कधी मिळणार, श्रेयात नाव कसं येणार. मैत्रीतल्या कामात तर नक्कीच, कारण मैत्री तिथेच तुटते. आणि वाजवता वाजवता तू एखादी अशी धून काढलीस की ती गाण्याची ओळखच झाली, तर गीत-संगीतात तुझा वाटा आहे का, हे त्या खोलीतून बाहेर पडायच्या आधी बोलून घे. सहा महिन्यांनी गाणं चालायला लागल्यावर हा विषय काढणारा माणूस सगळ्यांना लोभी वाटतो. मग त्याचं म्हणणं कितीही रास्त असो.

लेबलच्या प्रस्तावाला माझं उत्तर आहे, असा नको. कारण सांगते. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक शब्द आणि चालीचा, दुसरा त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा, म्हणजे मास्टरचा. तू लिहितेस, तूच रेकॉर्ड करतेस, म्हणून आज दोन्ही तुझे आहेत. मास्टर कायमचं दिलंस तर उद्या कुणी सिनेमासाठी ते रेकॉर्डिंग मागितलं की होकार लेबल देणार. वाजवायला तीन वर्षं तुझी गेली, यंत्रं तुझी, वीज तुझी. मग ते नेमका कशाचा खर्च करणार आहेत? हे एक-एक करून लिहून माग. 'सगळं आम्ही बघतो' हा खर्च नव्हे. 'अर्धी-अर्धी' म्हणजे आलेल्या पैशाची अर्धी, की त्यांचा खर्च वजा जाता उरलेल्याची? दुसरं असेल तर खर्चाला कमाल मर्यादा घाल आणि हिशेब वर्षातून दोनदा माग. कायमच्या मालकीऐवजी ५-७ वर्षांचा परवाना देऊ कर, मुदत संपली की मास्टर परत तुझ्याकडे. शब्द आणि चालीच्या हक्काला हात लावू द्यायचा नाही. पुढच्या अल्बमवर पहिला हक्क आमचा, असं एखादं कलम शेवटच्या पानावर असतं, तेही शोध. सही करायच्या आधी या विषयातल्या वकिलाला एकदा दाखव. एवढं ऐकून ते निघून गेले तर ते काय न्यायला आले होते ते कळलं.

स्वतः काढणं आता अवघड नाही. अॅनी डिफ्रँकोने १९९० मध्ये स्वतःचं लेबल काढलं तेव्हा कॅसेटी स्वतः विकाव्या लागत होत्या. आज डिस्ट्रिब्यूटर गाठला की गाणं सगळीकडे पोचतं. पण स्ट्रीमिंगवर घर चालेल या भ्रमात राहू नकोस. स्पॉटिफायवर २०२४ पासून, मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळाही ऐकल्या न गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळतच नाही. बँडकँपसारख्या ठिकाणी ऐकणारा थेट तुझ्याकडून अल्बम विकत घेतो, डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के त्यांचे, पैसे देण्या-घेण्याचा खर्च वेगळा, बाकी तुझे. आपल्यासारख्यांच्या गाण्याला लाखभर येणारे-जाणारे कान मिळण्यापेक्षा दोनशे माणसं विकत घेणारी मिळणं जास्त शक्य आहे. त्या दोनशेंचे ईमेल पत्ते स्वतःच्या वहीत ठेव, कुठल्याही अॅपच्या भरवशावर नको.

नोकरी सोडू नकोस. निदान हा अल्बम पुरा होईपर्यंत तरी नाही, कारण नोकरी सोडलीस तर तुला आणखी वेळ मिळेल, आणि वेळ हीच तुझी अडचण आहे. आठ तास मोकळे मिळाले तर ४३ चे ६० होतील. आयर्न अँड वाइन या नावाने गाणाऱ्या सॅम बीमचा पहिला अल्बम २००२ मध्ये आला, घरी केलेल्या रेकॉर्डिंगवरून. तो तेव्हा महाविद्यालयात चित्रपटकला शिकवत होता. साथीची बिदागी आणि स्वतःचे कार्यक्रम मिळून तुझं भाडं सलग १२ महिने भागलं, की नोकरीचा विषय पुन्हा काढ. भाडं म्हणतेय, पगार नाही. पगाराएवढं होईल म्हणून थांबलीस तर कधीच सोडणार नाहीस.

उशिराचं म्हणशील तर व्हॅश्टी बन्यनचा पहिला अल्बम १९७० मध्ये आला, फारसा कुणी घेतला नाही, आणि तिने संगीतच सोडलं. २००० मध्ये तो पुन्हा निघाला, नव्या पिढीने डोक्यावर घेतला, आणि तिचा दुसरा अल्बम २००५ मध्ये आला. ३५ वर्षांनी. लोक हे उदाहरण धीर द्यायला सांगतात. मला त्यातली ३५ वर्षं दिसतात. पण एवढं मात्र खरं की १९७० मध्ये तो अल्बम पूर्ण करून बाहेर काढलेला होता, म्हणूनच २००० मध्ये कुणाला तो सापडू शकला.

तर आता काम. तारीख घाल, आजपासून १२ आठवडे. पियानोच्या परीक्षेत टिकलेली पाच गाणी घे, अल्बमचा हट्ट सोड, ईपी, म्हणजे थोड्या गाण्यांचा छोटा संच, कर. एका गाण्याला जास्तीत जास्त आठ ट्रॅक. नववा हवा असेल तर आधीचा एक पुसायचा. जुन्या फाइली एका डिस्कवर काढून कुणाकडे तरी ठेवायला दे, बाबांकडे दिलीस तर उत्तम, ते लवकर परत देणार नाहीत. शेवटचं मिक्स, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र मिसळायचं काम, दुसऱ्या कुणाकडून करून घे, आणि त्याला सांग की दोनदाच दुरुस्त्या सांगेन.

त्याआधी मला एक पाठव. ते तिसऱ्या कडव्याचं गाणं, एक वाद्य आणि आवाज, फोनवर घेतलेलं, एका दमात. शब्द बदललेस तर जुनं कडवंही खाली लिही, मला दोन्ही बघायचीत. व्हायोलिन नको.

— ताई